क्वेरी बरोबर, उत्तर चूक: लोणारच्या वयाची गोष्ट

डेटाबेसच्या क्वेरीत अडकलेले बरेच जण मला विचारतात, "एरर येत नाही, तरी उत्तर चुकतंय. असं का?" मी त्यांना लोणारचा इतिहास सांगतो.

1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली. काळ्या बेसाल्टातला गोल खड्डा, म्हणजे ज्वालामुखीच, असं पुढे कितीतरी वर्षं मानलं गेलं. 1973 मध्ये फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी आघाताने काच झालेलं खनिज दाखवलं, आणि 'प्रकार' या रकान्यात 'उल्कापात' आलं.

मग वय. थर्मोल्युमिनेसन्सने सुमारे 52,000 वर्षं; 2011 मध्ये आर्गॉन पद्धतीने सुमारे 5,70,000. आता 'एक लाख वर्षांहून तरुण विवरं दाखव' ही क्वेरी चालवा. जुना आकडा असलेल्या टेबलात लोणार येतं, नव्यात गायब! क्वेरी मात्र तीच. आणि वाद नको म्हणून कुणी वय रिकामं, म्हणजे 'नल' ठेवलं, तर लोणार 'लाखाहून कमी'तही येत नाही, 'जास्त'मध्येही नाही. नलशी तुलना केली की एसक्यूएल हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.

म्हणून क्वेरीवर डोकं फोडण्याआधी ती नोंद उघडून बघा. आकड्याशेजारी पद्धत, वर्ष आणि चुकीची मर्यादा लिहा. जुनी नोंद पुसू नका. 52,000 खोडलं, तर 5,70,000 पर्यंत आपण कसे पोचलो, हे पुढच्याला कळायचंच नाही.