काळी चार, म्हणजेच साडेपाच

बंगळुरूच्या चामराजपेटेत, फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर, श्रीरामसेवा मंडळी १९३९ पासून रामनवमीचा संगीतोत्सव भरवते. तिथे एखाद्या गायिकेची पट्टी ‘साडेपाच’ आहे असं ऐकलं की मराठी श्रोता गोंधळतो. ती असते आपली काळी चार. कर्नाटक पद्धतीत पांढऱ्या पट्ट्या एक ते सात, आणि काळी म्हणजे मधला अर्धा: दीड, अडीच, साडेचार, साडेपाच, साडेसहा. साडेतीन नाही, कारण तिसऱ्या-चौथ्या पांढरीच्या मधे काळी नसतेच. आपण काळ्यांना वेगळे क्रमांक दिले, एक ते पाच. दाक्षिणात्य याला ‘कट्टै’ म्हणतात, तमिळमध्ये लाकडाचा तुकडा. आपली ‘पट्टी’ तरी दुसरं काय आहे?

तंबोऱ्याला या आकड्यांची गरज नव्हती. गळा जिथे बसेल तिथे षड्ज लावायचा, विषय संपला. अडचण आणली ती हलवता न येणाऱ्या सुरांनी. १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबेंनं पायानं भाता चालवायचा हार्मोनियम केला. १८७५च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तो हातानं भाता मारण्याजोगा केला, आणि तो घरोघर, कीर्तनात, नाटकात शिरला. पेटीवाल्याला आता आधीच कळायला हवं होतं की ‘सा’ कुठे धरायचा. नाटक कंपनीत तर प्रत्येक नटाचा गळा निराळा. अशा ठिकाणी आकडा सांगणं सोपं, मग तेच बोलण्यात रुळलं.

पेटीच्या सुरांना नावं ठेवणारे कमी नव्हते. आकाशवाणीनं १९४० मध्ये तिला दारं बंद केली ती तीन दशकं. पण गंमत पाहा, पेटी नको म्हणणारेही आपला आवाज पेटीच्याच पट्टीनं सांगत राहिले. बंगळुरूत जी. राजनारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा केला, त्यावर षड्ज लावायचा तोही याच हिशेबानं.

ही पट्टी रंगभूमीवरून बोलपटात गेली. १९११ च्या ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे मुळात नाणावलेले पेटीवादक, प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’चं (१९३२) संगीतही त्यांचंच. पुढे मुंबईच्या स्टुडिओत गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकलेले वादक आले, तेव्हा दोन बोली समोरासमोर आल्या. गायिका ‘काळी चार’ म्हणे, वादकांच्या कागदावर ए फ्लॅट. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. काळी चारचा ‘सा’ धरून बिलावल वाजवला, तर चौघींतली एक जी तेवढी कामाला येते. बाकी सगळं बोटांनी दाबून. वाद्यवृंदाचा झगझगीत आवाज थोडा मऊ, झाकोळलेला होतो. अँथनी गोन्साल्विस किंवा सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या संयोजकांना गळा आणि तारा यांची सांगड रोजच घालावी लागे, आणि माझ्या मते त्या काळच्या गाण्यांच्या भावाचं श्रेय आपण संगीतकाराइतकंच या मंडळींना द्यायला हवं.

मात्र पट्टी ही जागा आहे, कंपनसंख्या नव्हे. फ्रान्सनं १८५९ मध्ये ए स्वर ४३५ कंपनांवर बांधला. १९३९च्या लंडन परिषदेत तो ४४० ठरला. दोन वेगवेगळ्या काळांतल्या पेट्यांची काळी चार त्यामुळे एकच असेल असं नाही.

त्यात चित्रपटाची आणखी एक भानगड. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी धावते. पार्श्वसंगीताची लयही पूर्वी चौकटींत मोजत: दर १२ चौकटींना एक ठोका म्हणजे मिनिटाला १२०. आपल्याकडचं टीव्हीचं पाल पद्धतीचं प्रसारण २५ चौकटींचं होतं, म्हणून तिथे फिल्म जराशी जलद चालवण्याचा रिवाज होता. ठोके १२५ होतात, आणि सूर अर्ध्या स्वरापेक्षा थोडा कमी, इतका चढतो. काळी चारचं गाणं पांढरी सहाच्या उंबरठ्यावर जातं, गळा बारीक भासतो, संथ शीर्षकसंगीतही घाईत असल्यासारखं वाटतं. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचंही तेच. यंत्र किंचित जोरात फिरलं की गायक आणखी तरुण.

तेव्हा जुन्या चित्रपटाच्या शीर्षकसंगीताची पट्टी आणि लय नोंदवायची असेल, तर टीव्हीवरून उतरवून घेतलेल्या प्रतीवर विसंबू नका. आधी वेग तपासा, मगच पेटी उघडा.