सुंदरबन : नकाशातील रेघ आणि वाहती भूमी

राज्ये बदलतात, गावांची नावे बदलतात. परंतु नकाशातील समुद्रकिनारा अढळ आहे, असे आपण गृहीत धरतो. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी पसरलेले सुंदरबन हे गृहीत खोटे ठरवते. नद्या गाळ आणून नवी भूमी रचतात, भरती-ओहोटी ती कापून नेते. म्हणून तेथील प्रत्येक नकाशा हा एका विशिष्ट वर्षाचा दस्तऐवज होय.

जेम्स रेनेल याने १७६४ मध्ये बंगालच्या नद्यांची मोजणी आरंभिली. त्याच्या नकाशात खाड्यांच्या जाळ्यात, मगांच्या स्वाऱ्यांनी ओसाड झालेला मुलूख अशी नोंद आढळते. पुढे १८२९-३० मध्ये डॅम्पियर व हॉजेस यांनी जंगलाची उत्तर सीमा आखली. तिच्यामागे महसुलाची दृष्टी होती. कालांतराने जंगल तोडून, खाऱ्या पाण्याला बांध घालून शेते झाली. बांधांमुळे गाळ मात्र आत येईनासा झाला आणि ती जमीन भरतीच्या पातळीहून खाली राहिली. जंगल दक्षिणेकडे हटले. रेघ कागदावर होती तेथेच राहिली.

१९४७ मध्ये रॅडक्लिफ निवाड्याने याच पाण्यातून दोन देशांची सीमा नेली. १९७० च्या चक्रीवादळानंतर हरिभंगा नदीच्या मुखाशी एक लहानसे बेट दिसू लागले. भारताने त्यास न्यू मूर म्हटले, बांगलादेशाने दक्षिण तालपट्टी. १९८१ मध्ये भारताने तेथे ध्वज रोवला. २०१० पर्यंत ते बेट पाण्याखाली गेले. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने सागरी सीमा ठरविली, तेव्हा सीमेच्या आरंभबिंदूसाठी १९४७ मधील नदीप्रवाह प्रमाण मानला. वाद संपविण्यासाठी नदीला कागदावर तरी एका वर्षी थांबवावे लागले.

माणसाला असे थांबता येत नाही. हुगळीच्या मुखातील घोडामारा बेट गेल्या अर्धशतकात सुमारे निम्मे उरले आहे. तेथील अनेक कुटुंबे सागर बेटावर जाऊन राहिली. दोन राष्ट्रांच्या दाव्यासाठी लवाद बसला. घर आणि शेत खाडीत गेलेल्या माणसाचा दावा ऐकणारे असे पीठ नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने जुना नकाशा हाती घेताना प्रथम त्याचे वर्ष पाहावे, मग तो कोणी व कशासाठी काढला हे विचारावे, आणि त्या रेघेवर तेव्हा कोण राहत होते याचा शोध घेतल्यावाचून तो मिटू नये.