आपला ळ



नांदेड-लातूरकडच्या आपल्या किती घरांत पूजेची पुस्तकं हिंदी असतात! त्यांत ‘फल’, ‘माला’ वाचून नातवंडं घरातही तसंच बोलू लागतात. म्हणून आज थोडं ळबद्दल.

संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा ल प्राकृतातून मराठीत येताना ळ झाला. फलचं फळ, मालाची माळ, वेलाची वेळ. दोन ल जोडून आले तिथे मात्र ल टिकला: वल्लीची वेल, गल्लचा गाल. ‘काळ’ हा कालपासून आला, पण कालचा दिवस ‘कल्य’वरून, मधे ‘कल्ल’ होऊन. म्हणजे एकेका अक्षरामागे शेकडो वर्षांचा हिशेब लिहिलेला आहे (मी कॉमर्सवाली, मला हे फार आवडतं).

आणि आपलं तर ळवाचून चालतच नाही. पाणी गाळायचं, जेवणाची वेळ सूर्यास्ताआधी पाळायची, कंदमुळं टाळायची, माळ जपायची. लेकरांना ‘पाणी गाळ’ नीट म्हणता आलं नाही, तर ते गाळणार तरी कसं?

श्रवणबेळगोळमध्ये तर दोन ळ. कन्नडात बेळ म्हणजे पांढरं, कोळ म्हणजे तळं. हिंदीत त्याचं ‘श्रवणबेलगोला’ होतं. तिथे ५७ फुटी बाहुबलींच्या पायाशी चामुंडरायांचं नाव सांगणारा जुना मराठी लेख कोरलेला आहे. गेलात तर जरूर बघा.