क्षयरोगी आणि त्याचे घर

राजयक्ष्म्याची लक्षणे पूर्वापार तीच आहेत: न हटणारा खोकला, सायंकाळचा बारीक ज्वर, थुंकीतून रक्त आणि झिजत जाणारे शरीर. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी त्याचे जंतू शोधले. तथापि पुढे कित्येक वर्षे विश्रांती, सकस आहार व मोकळी हवा यांवरच भिस्त होती. त्यासाठी आरोग्यधाम हवे, आणि तेथील खाटा तर मोजक्याच.

औषधे हाती आल्यावर प्रश्न उरला, तो हा की, गरिबाने घर सोडलेच पाहिजे काय? १९५६ साली मद्रास येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. तेथे १९३ रोग्यांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, विभागणी झाली. काही आरोग्यधामात गेले. काही आपल्या दाटीच्या घरीच राहिले. औषधे दोघांनाही तीच, वर्षभर. १९५९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष जवळजवळ सारखे होते. घरी निकृष्ट अन्न खाणारेही बरे झाले. सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांना त्यामुळे अधिक बाधा झाल्याचेही दिसले नाही.

अट एकच: औषधात खंड नको. खोकला थांबताच गोळ्या सोडणाऱ्याला रोग पुन्हा गाठतो. परंतु ती अट पाळल्यास आईला लेकरांपासून तोडण्याचे कारण उरत नाही, हे मद्रासने जगाला दाखवून दिले.