पट्ट्यांमधला सूर

धाराशिवला ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांच्या दर्ग्यावर कव्वाली ऐकताना आम्हांला एक गोष्ट नेहमी जाणवते. पेटी एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी घेते. कव्वालाचा गळा मात्र त्या दोहोंच्या मधून वाट काढतो.

या मधल्या जागेचा हिशेब आपल्याकडे फार पूर्वी मांडला गेला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे समोर ठेवून सप्तकातील 22 श्रुती मोजल्या. 1910 साली त्यांचे पुस्तक निघाले. गणित देवलांचे, गळा खाँसाहेबांचा.

सत्तर वर्षांनी तोच प्रश्न विजेच्या वाद्यांत उभा राहिला. 1982 साली मुंबईचे चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीचे ज्युपिटर-8 व टीबी-303 हे सिंथेसायझर घेऊन दहा रागांची रेकॉर्ड काढली. या वाद्यांत सुराचा आकडा आधी व्होल्टेज होतो आणि त्या व्होल्टेजवर ऑसिलेटर सूर धरतो. आकड्याचे व्होल्टेज करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात. तो एक जिनाच समजा. 6 बिटांत 64 पायऱ्या, 12 बिटांत 4096, 14 बिटांत 16384.

टीबी-303ला 6 बिट पुरले. तिथे एक पायरी म्हणजे एक अर्धस्वर, 100 सेंट. मींड काही पायऱ्यांनी निघत नाही. ती कपॅसिटर काढतो. तो हळूहळू भरतो आणि सूर घसरत जातो.

ज्युपिटर-8मध्ये 16 ऑसिलेटर, प्रत्येक आवाजामागे दोन. 12 बिटांच्या पायऱ्या पाच सप्तकांवर पसरल्या तर एक पायरी सुमारे दीड सेंटची. देवलांच्या हिशेबात सर्वांत लहान श्रुतीचे अंतर सुमारे 22 सेंट. म्हणजे श्रुतीला एवढे पुष्कळ झाले. तरीही कंपनीने पुढच्या ज्युपिटर-8मध्ये 14 बिटांचा डॅक बसवला. कशासाठी?

उत्तर तंबोऱ्यात आहे. जोडीच्या तारा तसूभर चुकल्या तरी आवाज हेलकावतो. दोन ऑसिलेटरांचेही तसेच. 440 हर्ट्झला दीड सेंटची चूक झाली, की पावणेतीन सेकंदांत एक हेलकावा येतो. 14 बिटांची एक पायरी चुकली तर त्याच हेलकाव्याला दहा-अकरा सेकंद लागतात. एकटा सूर जे झाकतो, ते जोडीचा सूर उघडे पाडतो.

ती रेकॉर्ड तेव्हा फारशी खपली नाही. 2010 साली पुन्हा निघाली तेव्हा जगाने कान दिला. चरणजित सिंग 2015 साली गेले.

पायऱ्या किती हव्यात, हे कागद एकटा ठरवत नाही. आधी कानाला विचारावे लागते. देवलांनी तेच केले होते.