कुठल्या टायमानं?

आमच्या घरात कुणी "साडेआठला निघू" म्हटलं की आण्णा (माझे आजोबा) हमखास विचारायचे, "कुठल्या टायमानं?" आम्हा नातवंडांना तो म्हाताऱ्याचा विनोद वाटायचा. त्यात केवढा इतिहास होता ते कळायला एक मेल सर्व्हर बिघडावा लागला. परवा माळा आवरताना २००७ सालची ऑफिसची वही हाताला लागली, म्हणून हे लिहायला बसलोय.

तेव्हा मी एका छोट्या कंपनीत मेल सर्व्हर सांभाळायचो. कामं सगळी अमेरिकेतली. घर खोपटला, एसटी स्टँडच्या जवळ. मार्चच्या सुरुवातीला सर्व्हरच्या लॉगमध्ये पिवळे त्रिकोण दिसायला लागले. दर काही तासांनी तीच वॉर्निंग: अमुक मेलबॉक्सच्या कॅलेंडरमधली, पुन्हा पुन्हा येणारी एक अपॉइंटमेंट उलगडता येत नाही. मेल तर नीट येत-जात होती, त्यामुळे मी दुर्लक्ष केलं. मग सर्व्हर रीस्टार्ट केला (आमचा रामबाण!). त्रिकोण परत हजर :-)

सोमवारी, १२ मार्चला, खरा घोळ झाला. न्यूयॉर्कची मंडळी आपल्या साडेसातलाच फोनवर येऊन बसली आणि आमची कॅलेंडरं साडेआठ दाखवत होती.

रात्री जागून शोधलं तेव्हा दोन वेगळी दुखणी निघाली. दर सोमवारची मीटिंग म्हणजे सर्व्हरवर बावन्न नोंदी नसतात. नोंद एकच असते. तिच्यात एक नियम (दर सोमवारी, दहा वाजता), अपवादांची यादी (हा सोमवार रद्द, तो मंगळवारी हलवला), आणि जिथल्या वेळेनं मीटिंग ठरली तिथलं घड्याळ कधी पुढे-मागे होतं त्याची एक नक्कल. वॉर्निंग देणाऱ्या मालिकेत एक अपवाद बिघडला होता. हलवलेल्या एका दिवसाची नोंद मूळ नियमाशी जुळत नव्हती, आणि सर्व्हर मालिका मांडताना दर वेळी तिथेच अडत होता. बाकीच्या मीटिंगांचा नियम ठीक होता, अपवाद ठीक होते, पण नक्कल शिळी झाली होती.

ती शिळी का झाली? अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करतात. आधी हे एप्रिलच्या पहिल्या रविवारी व्हायचं. २००५ च्या ऊर्जा कायद्यानं ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणलं, आणि अंमल २००७ पासून. त्या वर्षी तो रविवार होता ११ मार्च. आमच्या मीटिंगांच्या पोटात मात्र जुनाच करार होता, म्हणून १ एप्रिलपर्यंत त्या तासभर चुकणार होत्या.

आधी सर्व्हरला आणि प्रत्येक पीसीला नवे पॅच लावले. मग मालिका. जुनी मालिका पुसायची नाही, नाहीतर झालेल्या मीटिंगांच्या नोंदीही जातात. तिला शेवटची तारीख द्यायची आणि पुढे नवी सुरू करायची. तीही ज्यानं मीटिंग बोलावली त्यानंच, नाहीतर दहा जणांकडे दहा वेगळ्या वेळा! पंधरवडा त्यात गेला, पण त्रिकोण थांबले.

त्या पंधरवड्यात आण्णांची फार आठवण आली. ते ठाण्याहून फोर्टात नोकरीला जायचे. १ जानेवारी १९०६ पासून देशभर एकच स्टँडर्ड टाइम लागू झाला, पण मुंबईनं तो मनापासून घेतलाच नाही. मुंबईचा स्वतःचा टाइम त्याच्या ३९ मिनिटं मागे होता. त्याआधी १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रास टाइम लादून पाहिला होता, तो दोन वर्षांत गुंडाळावा लागला. १९०६ च्या जानेवारीत तर गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडलं, दगडफेक केली. शहरात मुंबई टाइम टिकला तो थेट १९५५ पर्यंत. रेल्वे मात्र स्टँडर्ड टाइमवर. म्हणजे ठाण्याहून ८.३० ची लोकल धरणारा माणूस मुंबईच्या हिशेबानं ७.५१ ला निघालेला असायचा. "कुठल्या टायमानं?" हा विनोद नव्हताच. हा प्रश्न न विचारणाऱ्याची गाडी चुकायची.

मला हे सगळं समजलं, असं मला वाटलं होतं. आता जे लिहितोय ते घरच्यांना माहीत आहे, पण मी कधी स्वतःहून बोललो नाही.

आण्णा २००४ च्या जूनमध्ये गेले, ज्येष्ठ वद्यात. न्यू जर्सीचे काका तेव्हा पोचू शकले नव्हते. ती सल त्यांच्या मनात होती. "एकदा तरी श्राद्धाला येईन, तारीख आधी सांगून ठेव," असं त्यांनी मला सांगितलं होतं. २००४, ०५, ०६, तीनही वर्षं तिथी जूनमध्येच आली. मी २००६ ची तारीख घेतली, कॅलेंडरमध्ये 'दरवर्षी' वर टिचकी मारली आणि काकांना पाठवून दिली. त्यांनी तिकिटं काढली.

त्याच मार्चमध्ये पाडव्याला आजी नवं पंचांग बघत म्हणाली, "यंदा अधिक ज्येष्ठ आहे हो." मी पॅचच्या यादीत डोकं घालून बसलो होतो. हो म्हटलं आणि विसरलो.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. ती तूट साचत जाते आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना धरून भरून काढतात. २००७ मध्ये तो १७ मे ते १५ जून होता. म्हणजे निज ज्येष्ठातलं वद्य पंधरवडं गेलं जुलैत. लक्षात आलं तेव्हा काकांची रजा बदलण्यासारखी नव्हती. ते जूनमध्ये आले, आठ दिवस राहिले, आण्णांच्या फोटोला हार घातला आणि परत गेले. श्राद्ध जुलैत झालं, काकांशिवाय. आजी मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सर्व्हरनं निदान दर काही तासांनी सांगितलं होतं. आजीनं एकदाच सांगितलं.

आता 'दरवर्षी' वर टिचकी मारत नाही. पाडवा झाला की पंचांग घेऊन बसतो, त्या वर्षीची तारीख हातानं भरतो आणि काकूंना फोन करून सांगतो. काका आता नाहीत. त्यांचीही तिथी त्याच यादीत आहे.

असो. तुमच्या घरीही अशा तारखा असतीलच. कॅलेंडरमध्ये टाकण्याआधी आण्णांचा प्रश्न एकदा विचारून बघा.