ज्यांना बोलता येत नाही त्यांची बखर

वाचकहो, धर्मापुरीच्या केदारेश्वराचे चालुक्यकालीन शिल्पकाम आपण पाहुण्यांना हौसेने दाखवतो. पण घरात मान न धरणारे, हातपाय ताठ असलेले लेकरू असले की आवाज खाली येतो. कुणी नजर लागली म्हणते, कुणी पूर्वजन्म काढते.

या अवस्थेला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा नंतर लवकरच इजा होते आणि स्नायू ऐकेनासे होतात. १८६१ साली लंडनचे डॉ. विल्यम लिटल यांनी तिचा संबंध अडलेल्या बाळंतपणाशी जोडला. १८९७ साली फ्रॉइड यांनी शंका काढली, की मूळ बिघाड कित्येकदा गर्भातच असेल. होय, तेच मानसशास्त्रवाले फ्रॉइड! त्यांची शंका पुढे पुष्कळशी खरी ठरली.

आपल्याकडची हकीकत मला अधिक मोलाची वाटते. १९६६ साली जन्मलेल्या मालिनीबद्दल डॉक्टरांनी आशा सोडली होती. इंग्लंडात तिची बुद्धी शाबूत असल्याचे कळले. तिच्या आईने, मिठू अलूर यांनी, १९७२ साली मुंबईत ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ काढली. मालिनी एका बोटाने टंकलेखन करू लागली आणि झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाली.

२०१६ च्या कायद्याने अशा मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तेव्हा गुरुजी, नाव पटावर घ्या. तोंडून उत्तर येत नसेल, तर दोन चित्रे पुढे धरा आणि लेकराची नजर कुठे थांबते ते बघा. घाई मात्र करू नका, त्याला वेळ लागतो.